आडव्या सिनेमाचं उभं पोस्टर

सिनेमा आडवा असतो आणि पोस्टर उभं. माझ्या धंद्यातली निम्मी डोकेदुखी एवढ्यात आली. पडद्यावरची चौकट उंचीच्या जवळजवळ दुप्पट रुंद असते, काही सिनेमांत त्याहूनही जास्त. कॅमेरामन, म्हणजे सेटवरच्या भाषेत डीओपी, सगळी मांडणी त्या रुंदीच्या हिशेबाने करतो. डावीकडे चूल, उजवीकडे दारात उभा बाप आणि मधे रिकामं अंगण. पडद्यावर ते अंगणच बोलत असतं. पण थिएटरबाहेर लागणारं आपल्याकडचं नेहमीचं पोस्टर तीस इंच रुंद आणि चाळीस इंच उंच. त्यात ते अंगण कोंबलं तर चूल आणि बाप दोघेही अंगठ्याएवढे होतात. म्हणून कुणालातरी सेटवर उभं राहून त्या आडव्या पसाऱ्यातून उभं चित्र हुडकावं लागतं. तो स्टिल फोटोग्राफर. सेटवर त्याला 'स्टिलवाला' म्हणतात, आणि जेवणाच्या रांगेत तो साधारण जनरेटरवाल्याच्या मागे असतो.

मी कोल्हापूरचा. लग्नं, साखरपुडे आणि कारखान्यांचे वार्षिक अहवाल यांवर माझं घर चालतं. त्यातून सवड काढून छोट्या मराठी सिनेमांवर स्टिल करतो. छोटा सिनेमा म्हणजे ज्याच्या पाठीशी स्टुडिओ नाही, चॅनेल नाही. निर्माते म्हणून दिग्दर्शकाचे कॉलेजमधले दोन मित्र, एक मेव्हणा आणि बायपासला जमीन गेलेला एखादा काका. असल्या सिनेमाला जाहिरातीला पैसे नसतात. टीव्हीवर ट्रेलर लागत नाही. लोकांपर्यंत पोचतं ते एक चित्र. आणि गंमत अशी की बजेटच्या कागदावर या चित्राची ओळ बहुतेक वेळा नसतेच. चहा-बिस्किटांची असते.

निर्मात्यांचा ठरलेला प्रश्न असतो. 'फोटोग्राफर वेगळा कशाला? सिनेमा म्हणजे सेकंदाला चोवीस फोटोच की. त्यातला एक बरा बघून उचलू.'

प्रश्न वेडगळ नाही, म्हणून त्याचं उत्तर आकड्यांतच देतो. सिनेमाचा कॅमेरा सेकंदाला चोवीस चित्रं घेतो आणि प्रत्येक चित्राला साधारण एक-अठ्ठेचाळीसांश सेकंद उजेड मिळतो. तेवढ्या वेळात हललेला हात पुसट होतो. पडद्यावर पुढचं चित्र लगेच येतं म्हणून ते खटकत नाही. उलट तो पुसटपणा नसेल तर हालचाल तुटक वाटते. पण तेच एक चित्र भिंतीवर थांबवलं की नटाच्या हाताला धुकं चिकटल्यासारखं दिसतं. दुसरा हिशेब पिक्सेलचा. फोर-के सिनेमाची चौकट ४०९६ बाय २१६० ठिपक्यांची. तिच्यातून पोस्टरच्या मापाचा उभा तुकडा कापला की रुंदीला उरतात १६२० ठिपके. ते तीस इंचांवर पसरले की इंचाला चोपन्न. छापील मासिकातला चांगला फोटो इंचाला तीनशेच्या हिशेबाने छापतात. पोस्टर लांबून बघायचं असतं, त्यामुळे दीडशेला भागतं, पण चोपन्नवर नायिकेच्या डोळ्यात रांगोळीचे ठिपके दिसू लागतात. माझा कॅमेरा पंचेचाळीस मेगापिक्सेलचा आहे. तो उभा धरला की त्याच पोस्टरवर इंचाला एकशे ऐंशीच्या वर ठिपके पडतात. इथवर ऐकलं की मेव्हणा मान डोलावतो. काका मात्र विचारतो, 'मग मोबाईलवर दोनशे मेगापिक्सेल येतात त्याचं काय?' काकांना मी संध्याकाळच्या उजेडात घरामागे जाऊन एक फोटो काढायला सांगतो आणि तो मोठा करून दाखवतो.

पूर्वी ही पंचाईत नव्हती, कारण पोस्टर रंगवलं जायचं. आमच्या कोल्हापूरला याचं मोठं कौतुक आहे आणि ते रास्त आहे. बाबूराव पेंटर स्वतःच चित्रकार. सिनेमा काढायचे आणि त्याची पोस्टरंही करायचे. त्यांच्या 'कल्याण खजिना'चं १९२४ सालचं पोस्टर आज हाती असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय सिनेपोस्टरांत मोजतात. पुढे आमच्याच गावच्या जी. कांबळ्यांचा ब्रश शांतारामबापूंच्या सिनेमांसाठी चालला. रंगवणाऱ्यासमोर असायचा सेटवरचा एक छोटा काळा-पांढरा फोटो. त्या फोटोवर पेन्सिलीने चौकटी आखायच्या, कापडावर तितक्याच, पण मोठ्या चौकटी आखायच्या, आणि एकेक चौकट उतरवत तळहाताएवढा चेहरा वीस फूट करायचा. चित्रकार नुसता मोठा करत नसे. गाल गुलाबी, डोळे धारदार, खलनायकाच्या तोंडावर हिरवट छटा. पेंटिंग नाइफने रंगाचे जाड फराटे ओढून दिवाकर करकरे यांनी सत्तरच्या दशकातल्या हिंदी पोस्टरांना जी रग दिली ती मूळ फोटोंत शोधून सापडणार नाही. फोटो हा कच्चा माल होता. तो जरा हलला असला तरी चित्रकार सांभाळून घ्यायचा.

म्हणून फोटो काढणारे बिनमहत्त्वाचे होते असं नाही. मुंबईत दामोदर कामतांनी १९४५ साली 'कामत फोटो फ्लॅश' सुरू केलं आणि हिंदी सिनेमाच्या सेटांवरचा केवढा तरी ऐवज त्यांच्या निगेटिव्हांत राहिला. 'बरसात'चं उदाहरण तर सगळ्यांना ठाऊक आहे. १९४९ सालचा सिनेमा. राज कपूरच्या एका हातात व्हायोलिन, दुसऱ्या हातावर रेललेली नर्गिस. त्या एका पोझवरून आर. के. फिल्म्सची मुद्रा तयार झाली. आणि थिएटरात काचेच्या कपाटात टाचण्यांनी लावलेले ते फोटो! तिकिटाला पैसे नसलेल्या पोरांनी आख्खा सिनेमा त्यांच्यावरून रचायचा. मीही रचलेत. नंतर पडद्यावर पाहिले तेव्हा बरेचसे माझे जास्त बरे होते.

मग फ्लेक्स आला, बॅनर रंगवणाऱ्यांचे हात थांबले आणि फोटो थेट भिंतीवर गेला. सांभाळून घेणारा मधला माणूस गेला. आता सेटवर जे मिळालं नाही ते पुढे कुठेच मिळत नाही.

यावर डिझायनर लोक म्हणतात, संगणकावर सगळं होतं. होतं, पण कुठल्या किमतीला ते एकदा सांगतो. एका सिनेमाचं शूटिंग संपून तीन-चार महिने झाल्यावर मला बोलावणं आलं, पोस्टरचा फोटो हवाय. नायकाने तोवर मालिकेसाठी दाढी काढलेली. त्याचं धोतर भाड्याचं होतं, ते परत गेलेलं. ज्या वाड्यात शूटिंग झालं तिथे आता मंगल कार्यालयाचा मांडव. शेवटी एका गच्चीवर राखाडी चादर टांगून, मेकअपदादाने चिकटवलेल्या दाढीसकट फोटो काढला आणि मागे वाडा जोडला. लोकांना ते पोस्टर आवडलं. पण गच्चीवरचं ऊन वरून येत होतं आणि वाड्यातला उजेड दारातून. ज्याला दिसतं त्याला तो माणूस वाड्यात उभा नसून वाड्याच्या फोटोपुढे उभा आहे हे दिसतंच. तेव्हापासून माझा हट्ट असतो की पोस्टरचा फोटो शूटिंगच्या दिवसांतच निघाला पाहिजे. कपडे, जागा, उजेड, दाढी आणि नटाच्या अंगात मुरलेलं ते पात्र, सगळं फक्त तेव्हाच एका ठिकाणी असतं.

आणि तेव्हा कुणाकडेही वेळ नसतो. सेटवर वेळेची मालक असते फर्स्ट एडी, म्हणजे पहिली सहायक दिग्दर्शिका. दिवसाचे किती सीन, कुठला आधी, कुणाला किती वाजता मेकअपला बसवायचं हे सगळं तिच्या हातातल्या कागदावर. त्या कागदाला कॉल शीट म्हणतात. मी पहिल्याच बैठकीत तिच्याशी गूळपीठ जमवतो आणि दोन-तीन दिवसांच्या कॉल शीटवर 'पोस्टर, पंधरा मिनिटं' असं छापूनच घेतो. तोंडी कबुलीला सेटवर किंमत नाही. छापलेल्यालाही फार नाही. पंधराची पाच होतात. पण छापलेलं असलं तर निदान पाच तरी मिळतात, आणि ती मागताना आवाज चढवता येतो.

उरलेला दिवस कॅमेऱ्याच्या आसपास लपूनछपून काम. चालू शॉटमध्ये फोटो काढणं सोपं वाटतं, पण हल्ली आवाज जागेवरच टिपतात. हिंदीत 'लगान'पासून या पद्धतीचा बोलबाला झाला, आता आमचे छोटे सिनेमेही सिंक साऊंडवरच चालतात. पूर्वी डबिंग असायचं तेव्हा शटर खटाखट वाजलं तरी कुणाचं काही जात नव्हतं. एसएलआर कॅमेऱ्यातला आरसा उचलला की जो 'खटॅक' होतो तो बूम-माइक दहा फुटांवरून पकडतो. त्यावर उपाय म्हणून परदेशात कॅमेऱ्याला आतून फोम लावलेली जाड पेटी चढवत. तिचं नाव ब्लिंप. आपल्याकडे कुणी उशीचा अभ्रा गुंडाळायचं, कुणी जाकीट. आरसा नसलेले मिररलेस कॅमेरे आले आणि मुका शटर मिळाला, तेव्हा आमच्या जमातीने सुटकेचा निःश्वास टाकला.

पण मुक्या शटरचंही एक दुखणं आहे. त्यात सेन्सर सगळं चित्र एका दमात घेत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचत जातो. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, म्हणजे साधी ट्यूब किंवा स्वस्तातला एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. डोळ्यांना कळत नाही, सेन्सरला कळतं. शटर फार वेगवान ठेवला की काही ओळी उजेडात वाचल्या जातात आणि काही अंधारात, आणि नायिकेच्या तोंडावर झेब्र्यासारखे पट्टे येतात. म्हणून खेड्यातल्या घरातल्या रात्रीच्या सीनला मी एक-शंभरांश किंवा एक-पन्नासांश सेकंदावर थांबतो. तेवढ्या सावकाश शटरला हलणारा माणूस पुसट येतो. मग नट हलायचा थांबेपर्यंत थांबायचं. संवाद संपल्यावर आणि दिग्दर्शक 'कट' म्हणण्याआधी एक बारीकसा क्षण असतो. पात्र अजून अंगात असतं, तोंड बंद असतं. माझे बरेचसे कामाचे फोटो तिथलेच.

उभं राहायची जागाही ठरलेली. सिनेमाच्या कॅमेऱ्याला चिकटून, त्याच्याच उंचीवर, शक्यतो त्याच्याच भिंगाच्या जवळपासचं भिंग लावून. तिथून प्रकाशयोजना डीओपीने मांडली तशी दिसते. दोन पावलं बाजूला सरकलो की स्टँड, वायरी आणि चहाचे कप दिसू लागतात. आणि नटाच्या नजरेच्या रेषेत कधीही यायचं नाही. तो ज्या माणसाकडे बघून रडतोय त्या माणसाच्या खांद्यामागे माझं डोकं उगवलं तर त्याचं रडणं संपलं. काही सीनला तर मी कॅमेरा पिशवीत घालून बाहेर जाऊन बसतो. कुणी न सांगता.

बंगालात या कामाला एका माणसाने मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. निमाई घोष मूळचे नाटकवाले. 'गुपी गाइन बाघा बाइन'च्या वेळी साधा, भिंग न बदलता येणारा कॅमेरा घेऊन ते सत्यजित राय यांच्या सेटवर पोचले आणि पुढे जवळपास पाव शतक तिथेच राहिले. फ्लॅश वापरायचे नाहीत. २०२० साली ते गेले. राय स्वतः पोस्टर करणारे, अक्षरं रेखणारे. फोटो कशासाठी लागतो हे दिग्दर्शकालाच ठाऊक असणं हे स्टिलवाल्याचं केवढं भाग्य! आमच्याकडे दिग्दर्शक विचारतो, 'फेसबुकला टाकायला काही आलंय का?'

दुसरा माझा आवडता माणूस म्हणजे फ्रान्सचा रेमों कोशतिए. गोदारच्या 'ब्रेथलेस'च्या सेटवर तो स्टिल करत होता. १९५९चं शूटिंग, तुटपुंजं बजेट, पॅरिसच्या रस्त्यावरची खरी वर्दळ. सिनेमाचा कॅमेराच इतका खडखड वाजायचा की संवाद नंतर भरले, त्यामुळे शटरच्या आवाजाची चिंता नव्हती. शॉंज-एलिझेच्या रस्त्यावर जाँ-पॉल बेलमोंदो आणि जीन सीबर्ग चालताहेत आणि ती त्याच्या गालावर ओठ टेकवते, हा त्याचा फोटो जगभर गेला. सिनेमात ते चुंबन नाही. त्याने दोघांना वेगळं उभं करून ते टिपलं. सिनेमात नसलेला क्षण सिनेमाची ओळख झाला. या फोटोवरून मी दिग्दर्शकांशी पुष्कळ भांडलोय.

असंच एक भांडण शिरोळ तालुक्यात झालं. सिनेमा ऊसतोड कामगार बाईचा. दिग्दर्शक मूळचा बीडकडचा, त्याच्या गावातली निम्मी माणसं दरवर्षी मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन आमच्या भागात ऊस तोडायला येतात, त्यामुळे त्याला विषय शिकवावा लागत नव्हता. जानेवारीचा महिना, गळीत हंगाम भरात. एक खरीच टोळी सिनेमात काम करत होती. पोस्टरबद्दल त्याने मला एवढंच सांगितलं होतं, 'दादा, बाई बिचारी दिसता कामा नये.'

सांगायला सोपं. पण तिचा वेशच असा की फोटोत कणव आपोआप येते. साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, कारण उसाची पानं हात कापतात. डोक्याला घट्ट बांधलेलं फडकं. कपडेवाल्यांनी तो शर्ट चहाच्या पाण्यात बुडवून आणि कॉलरला पॉलिशपेपर घासून इतका सुरेख जुना केला होता की तो फोटोत नटीच्या आधी दिसायचा. डोक्यावर मोळी घेऊन चाललेली, ट्रॉलीला टेकलेली, सूर्याकडे बघणारी असे फोटो मी काढले, आणि ते सगळे सरकारी योजनेच्या जाहिरातीसारखे आले.

नटाला स्टिल कॅमेऱ्यापुढे उभं केलं की त्याच्या हातांचं काय करायचं हा प्रश्न येतो. सिनेमात त्याला काहीतरी करायचं असतं, बोलायचं असतं. फोटोत तो नुसता असतो, आणि नुसतं असणं नटांना फार जड जातं. हातांना काम दिलं की चेहरा आपोआप सुटतो. म्हणून मी टोळीतल्या एका मावशींजवळ जाऊन बसलो आणि विचारलं, दिवस संपल्यावर तुम्ही पहिलं काय करता? त्या म्हणाल्या, 'कोयत्याला धार. सकाळी कोण करत बसंल?' आणि त्यांनी करूनच दाखवलं. पाचटावर बसायचं, कोयत्याची मूठ पायाखाली दाबायची, आणि कानस पुढे ढकलत न्यायची. मागे ओढायची नाही. मधूनच अंगठा आडवा फिरवून धार बघायची.

आमच्या ताईंना, म्हणजे त्या बाईचं काम करणाऱ्या नटीला, त्यांनी ते दुपारभर शिकवलं. संध्याकाळी शेवटचा शॉट संपला, कॉल शीटवरच्या पंधरा मिनिटांतली जी काही उरली होती ती मिळाली. मागे न तोडलेला ऊस भिंतीसारखा उभा. ऊस मुळातच उभा, पोस्टरला यासारखी देणगी नाही. मी पाचटावर पालथा पडलो, कॅमेरा जमिनीपासून वीतभर. त्यामुळे खाली ताई, मधे ऊस आणि वर भरपूर मोकळं आकाश अशी तीन मजली चौकट झाली. सूर्य तिच्या मागे गेलेला, म्हणून स्पॉटदादांना थर्माकोलचा पांढरा पत्रा डाव्या हाताला खाली धरायला लावला. त्यावर आपटलेला उजेड तिच्या हनुवटीखाली आणि कोयत्याच्या पात्यावर आला. बाकी एक दिवा नाही. ती कानस चालवत राहिली. अंगठा फिरवून धार बघायला थांबली की मी शटर दाबायचो, कारण तेव्हा हात स्थिर असायचा आणि नजर पात्यावर. त्या नजरेत बिचारेपणा आणायला जागाच नव्हती. दिवसभर मला 'क्लिक ऐकू येतंय' म्हणून हाकलणारा साऊंड रेकॉर्डिस्ट मधेच धावत आला आणि माझ्या डोक्यावर बूम धरून कानशीचा आवाज भरून घेऊ लागला. माझ्या पाच मिनिटांतली एक त्याने खाल्ली.

रात्री फोटो बघून दिग्दर्शक म्हणाला, फोटो ताकदीचा आहे, पण धार लावायचा सीन सिनेमातच नाही. लोक फसवलं म्हणतील. मी कोशतिएचं चुंबन काढलं. तो म्हणाला, ते फ्रान्स आहे. मग मी साधं विचारलं, ही बाई सिनेमात धार लावेल का? लावेल, म्हणाला. मग खोटं काय? माझ्या मते खोटं पोस्टर वेगळं असतं. ज्या सिनेमात प्रेमकथा नाही त्याच्या पोस्टरवर नदीकाठी मिठी. किंवा दोन सीनपुरता आलेला नामांकित नट सगळ्यांपेक्षा मोठा, आणि जिच्यावर सिनेमा उभा आहे ती त्याच्या खांद्याएवढी. वितरक हे दुसरं खोटं नेहमी मागतात, आणि बहुतेक वेळा मिळवतात.

ते आकाश मी उगाच सोडलेलं नव्हतं. डिझायनरला नाव लिहायला जागा लागते आणि देवनागरीला जरा जास्तच लागते. इंग्रजी मोठ्या लिपीतलं नाव एका पट्टीत बसतं. आपल्या शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांट्या, रफार आणि खाली उकार. हे सगळं नटीच्या डोक्यावर आपटू द्यायचं नसेल तर वरचा तिसरा हिस्सा मोकळा हवा. नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडग्यांची अक्षरं वाचत वाढलेल्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. त्यांच्या हातात नावच चित्र व्हायचं. तसा हात आता विरळा, म्हणून फोटोतली मोकळी जागा निदान जेमतेम अक्षरांना तरी श्वास देते. तळाशीही पट्टी सोडावी लागते, तिथे बारीक अक्षरांत सगळ्यांची नावं. मी एकच मांडणी जवळून, लांबून, डावीकडे जागा सोडून, वर जागा सोडून अशी घेत राहतो, आणि शेवटी एक आडवाही घेतो. कारण ओटीटीवर परत आडवं चित्र लागतं. एवढं करून पुन्हा आडव्यावरच.

रंगाचंही एक बोलणं डीओपीशी आधीच करून ठेवावं. सिनेमाचा अंतिम रंग नंतर ठरतो, पण त्याच्या मनात तो पहिल्या दिवसापासून असतो. त्याने जर सगळा ऊस करडा, फिका करायचं ठरवलं असेल आणि पोस्टरवर तो हिरवागार झळकला, तर दोन वेगळे सिनेमे वाटतात. सेटवरच्या मॉनिटरला त्याने जो रंगाचा साचा लावलेला असतो तो मी मागून घेतो आणि माझे फोटो त्याच्याजवळ नेतो.

मग फोटो जातात कुठे? आधी महोत्सवांना. सिनेमा पाठवताना सोबत मोठ्या मापाचे स्टिल मागतात, आणि निवड झाली तर कॅटलॉगमध्ये, वर्तमानपत्रात, सगळीकडे तेच छापले जातात. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' २०१४ मध्ये व्हेनिसला गौरवला गेला, रोहन कानवडेच्या 'साबर बोंडं'ला २०२५ मध्ये सनडान्सचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला. अशा बातम्या सकाळी पेपरात येतात तेव्हा सिनेमा इथे कुणीच पाहिलेला नसतो. बातमीतला फोटोच काय तो दिसतो. गोव्यात इफ्फी महोत्सवाच्या दिवसांत एनएफडीसी या सरकारी महामंडळाचा फिल्म बाजार भरतो, तिथे तर पोस्टर हेच व्हिजिटिंग कार्ड. विकत घेणारे घाईत असतात. चालता चालता मान वळली तर वळली.

आता पैशाचं आणि नावाचं. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे निर्माता. फोटोग्राफर म्हणून आपलं नाव सांगायचा हक्क मात्र कलम ५७ने राहतो, मालकी गेली तरी. हे सेटवर कुणाला ठाऊक नसतं, त्यामुळे मी करारात दोन ओळी घालून घेतो. पोस्टर आणि महोत्सवाच्या साहित्यात नाव द्यायचं, आणि सिनेमा लागून गेल्यावर फोटो माझ्या प्रदर्शनात वापरू द्यायचे. कोशतिएलाही पगारी कामगार म्हणून आपल्याच फोटोंवर हक्क नव्हता. फ्रान्सचा कायदा बदलल्यावर म्हातारपणी तो मिळाला, आणि मग जगाने त्याचं नाव ऐकलं. तो एकशे एक वर्षं जगला म्हणून बरं. सगळ्यांना एवढा धीर निघत नाही.

अलीकडे नवीनच निघालंय. एका निर्मात्याने विचारलं, स्टिलवाला ठेवायचाच कशाला, ताईंचे चार मोबाईल-फोटो टाकले की एआय पोस्टर करून देतं. नमुना म्हणून त्याच उसाच्या सिनेमाचं चित्र त्याने बनवून आणलं होतं. झकास होतं, खोटं कशाला बोलू? ढग, ठिणग्या, वाऱ्यावर उडणारा पदर. फक्त तिच्या हातात विळा होता आणि मागे मका. टोळीतल्या मावशींना मी ते मोबाईलवर दाखवलं. त्यांनी ते जवळ नेऊन, लांब नेऊन नीट बघितलं आणि विचारलं, 'हिचा मुकादम कोण?'